अजून जरा जड

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हतं, पण खरं नाव शेवटचं कोणी उच्चारलं हे तिलाही आठवलं नसतं. लहानपणी कोणीतरी म्हणालं, या पोरीच्या पायाला भिंगरी लावली आहे, आणि तेच नाव चिकटलं. लग्न झालं, लेक झाली, केस पिकायला लागले, तरी भिंगरीची भिंगरीच राहिली. नवरा मात्र तिला फक्त 'अगं' म्हणायचा. तेही बहुतेक वेळा ती खोलीतून निघून गेल्यावर, रिकाम्या खुर्चीला उद्देशून.

ही बाई एका जागी टिकतच नसे. चहा ठेवला की तो उकळेपर्यंत ओटा पुसायला घ्यायची. ओटा पुसताना डब्याचं झाकण सैल दिसायचं, झाकण बसवताना डब्यातली साखर गोळा झालेली दिसायची, साखर मोडायला बसावं तोवर चहा उतू जायचा. मग उतू गेलेला चहा पुसायची. जेवायचीही उभ्यानं, खिडकीला पाठ टेकून, ताटली हातात धरून. लेक म्हणायची, "आई, तू बसलेली मला फक्त फोटोत दिसतेस." त्यावर भिंगरी म्हणायची, "फोटोवाल्यानं बसवलं म्हणून बसले," आणि पुढच्या कामाला लागायची.

ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करायची, आणि ते काम तिच्यासाठीच जन्माला आलं होतं म्हणा ना. तिथं नवीन काही शिवायचं नसे. दुसऱ्यानं शिवलेलं उसवायचं, आखूड करायचं, सैल करायचं, पुन्हा शिवायचं. जगातली कुठलीही वस्तू पहिल्या फटक्यात बरोबर होत नाही असं तिचं ठाम मत होतं, आणि दुकानात रोज येणारी गिऱ्हाइकं ते मत पक्कं करून जात. माणूस नव्या कोटात खूश होऊन आरशासमोर उभा राहिला की भिंगरी तोंडात टाचण्या धरून त्याच्याभोवती फिरायची आणि म्हणायची, "खांद्यात एवढंसं घ्यायला हवं." गिऱ्हाइकाला तोवर खांद्याचा पत्ताही नसे. त्यानंतर त्याला खांद्याशिवाय दुसरं काही दिसायचं नाही.

नवरा अगदी उलटा. तो टॉवर क्रेन चालवायचा. खालून पाहिलं तर काडेपेटीएवढी दिसणारी काचेची केबिन, तिच्यात हा माणूस सकाळी चढून बसायचा तो संध्याकाळी उतरायचा. खाली सिग्नलवाला वॉकीटॉकीवर सांगेल तसं लोखंड उचलायचं, काँक्रीटची बादली फिरवायची आणि अलगद टेकवायची. आवाज नाही, धावपळ नाही. एवढ्या उंचावर बसून दुसऱ्याच्या डोक्यावरून टनभर लोखंड न्यायचं तर माणूस सावकाशच असावा लागतो. घरीही तो तसाच होता. नवरा दिवसभर बसून आणि बायको दिवसभर उभी, ही जोडी ज्यानं जुळवली त्याला गाठून एकदा विचारायला हवं.

बसून बसून नवऱ्याचं पोट सुटलं. भिंगरीनं त्याच्या पँटी आधी एकदा सैल केल्या, मग पुन्हा एकदा. एका सुट्टीच्या दिवशी ती तिसऱ्यांदा उसवायला बसली आणि पाहते तर आत सोडलेलं कापड संपलेलं. शिवणीत आता सोडायला काही शिल्लक नव्हतं. ती पँट मांडीवर घेऊन तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो वर्तमानपत्र वाचत होता.

"अहो, कापड संपलं."

"मग नवी घेऊ."

"पँट नवी घ्याल. पोट?"

त्यानं पान उलटलं. पण त्याच आठवड्यात त्याची वार्षिक तपासणी झाली आणि कंपनीच्या डॉक्टरनं पँटीपेक्षा स्पष्ट शब्दांत सांगितलं. वजन जास्त, साखर काठावर. काही महिन्यांनी फेरतपासणी, तोवर दोन्ही खाली आली नाहीत तर केबिनमध्ये चढायचं नाही, खाली गोदामात बसून खिळे-नटबोल्ट वाटायचे. नवरा घरी येऊन एवढंच म्हणाला, "गोदामाला खिडकी नाही." त्या रात्री तो नीट जेवला नाही. भिंगरीला कळलं की हा माणूस गोदामात सहा महिन्यांत म्हातारा होईल. उगाच काळजी करणं तिला जमत नसे. काळजी वाटली की तिचे हात चालायला लागायचे.

मुळात अडचण अशी होती की क्रेनवाल्याला जेवायला खाली येता येत नाही. वर खिशात मावेल तेच खायचं. त्यामुळे वर्षानुवर्षं त्याचं दुपारचं जेवण म्हणजे क्रीमची बिस्किटं आणि वेफर्स. त्याऐवजी घरी केलेली, भरपूर कोंडा आणि फायबर असलेली वडी दिली तर? कागदात गुंडाळली, खिशात टाकली, झालं काम. लेक औषधांच्या दुकानात काउंटरवर होती, तिथं असल्या वड्या चकचकीत कागदात विकायला असत. तिनं एक आणून दाखवली. भिंगरीनं ती मोडली, बोटांनी चुरली, कपड्याचं अस्तर तपासावं तशी आतून तपासली, आणि म्हणाली, "हे तर मी झोपेत करीन."

पहिली वडी झाली ती खरं सांगायचं तर फारच चविष्ट होती. ओट्स, खजूर, शेंगदाणे, लोणी, वरून सढळ हातानं मध. नवऱ्यानं दोन खाल्ल्या, तिसरीला हात घातला. लेकीनं मधेच ताटली ओढली.

"आई, पौष्टिक आहे गं, पण एकेक वडी म्हणजे अख्खं जेवण आहे. लोणी आणि मध घालून बाबाचं वजन कसं उतरेल?"

"मग काढते लोणी."

इथून ते सुरू झालं. लोणी गेलं, त्याच्या जागी किसलेलं सफरचंद आलं. मध निम्मा झाला आणि खजूर भिजवून वाटला गेला. शेंगदाणे कमी होऊन जवस आणि तीळ आले. रोज संध्याकाळी नवरा हातपाय धुऊन टेबलापाशी बसला की भिंगरी ताटलीत नवी वडी ठेवायची आणि समोरची खुर्ची ओढून बसायची. हो, बसायची. टेबलावर कोपरं टेकून, नवऱ्याच्या जबड्याकडे डोळे लावून. निकाल काय लागतो हे पाहिल्याशिवाय तिला हलताच येत नसे.

नवरा सावकाश चावायचा. इतका सावकाश, की भिंगरीचा जीव वर-खाली व्हायचा. मधेच विचारायचा, आज दुकानात काय झालं? मग ती सांगायची, कोणी बाईनं वीस वर्षांपूर्वीचा लग्नातला झगा आणला आणि म्हणाली, जसा होता तसा बसवून द्या. झगा बसवता येईल हो, बाई कशी बसवणार? नवरा हसायचा. मग तोही सांगायचा, वरून आज धुकं कसं दिसत होतं, किंवा केबिनच्या काचेवर एक पक्षी येऊन कसा बराच वेळ बसून राहिला होता. एरवी या नवरा-बायकोत एका आठवड्यात इतकं बोलणं होत नसे. शेवटी ती न राहवून विचारायची, "अहो, पण वडी कशी आहे?"

तो जिभेनं दात चाचपायचा. छताकडे बघायचा.

"चांगली आहे. पण अजून जरा जड वाटते."

"जड? बरं. उद्या बघते." आणि भिंगरी ताडकन उठायची.

या 'अजून जरा जड'नं तिच्या डोक्यात भुंगा सोडला. कॉलर उसवताना तिला वडी दिसायची. झोपेत ती ओट्स भाजायची. जड म्हणजे नेमकं काय? गोड जास्त? तेलकट? चावायला घट्ट? विचारलं तर तो म्हणायचा, "सांगता येत नाही, पण जड." दर्जी माणसाला याहून मोठा छळ नाही. गिऱ्हाईक नुसतं म्हणतं, कुठंतरी टोचतंय, आणि कुठं ते सांगत नाही.

तिनं शेंगदाणे पार काढले आणि लाह्या घातल्या. वडी हलकी झाली, पण हातात घेताच भुगा. नवरा म्हणाला, केबिनमध्ये कण सांडतात, लिव्हरच्या फटीत जातात. आता लोणी नाही, मधही नावापुरता, मग चिकटणार कशानं? लेकीनं तोड सुचवली. दुकानातून तिनं इसबगोलाचा डबा आणला. पाण्यात टाकलं की फुगून चिकट होतं, गोडवा नाही, चरबी नाही, वर फायबर म्हणाल तर भरगच्च. भिंगरीनं चमचाभर भिजवलं, पाच मिनिटांत वाटीतल्या वाटीत त्याचा गोळा झाला, आणि तिला एवढा आनंद झाला की तिनं लेकीच्या गालावर पिठाच्या हातानं चापट मारली. वडी आता मोडत नव्हती, कण सांडत नव्हते, आणि वजनाला पिसासारखी.

डब्यावर लिहिलं होतं, भरपूर पाण्यासोबत घ्यावे. भिंगरीनं ते वाचलं. बाई घाईची असली तरी निष्काळजी नव्हती. नवऱ्याला ती रोज सकाळी पाण्याची मोठी बाटली भरून द्यायची, आणि संध्याकाळी ती बाटली रिकामी परत यायची. थेंब नसायचा तळाला. तिनं त्या आठवड्यात मुद्दाम लक्ष ठेवलं. रोज रिकामी. मग काय, मनातली शंका गेली. स्वतः तर ती दिवसभर उभ्या उभ्या वड्या खायची आणि नळाखाली पेला धरून घटाघटा पाणी प्यायची. तिला काही झालं नाही. लेकीलाही झालं नाही.

"आज कशी आहे?"

"छान आहे की. फक्त, अजून जरा जड."

आता मात्र तिनं पदर खोचला. इसबगोल वाढवलं. खजूर आणखी कमी केला. जड म्हणजे ओलसर असेल असं तिच्या मनानं घेतलं, म्हणून वड्या ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवायला सुरुवात केली, आधी थोडा वेळ, मग बराच वेळ. वाजवली तर टकटक वाजावी इतक्या त्या सुकल्या. दुकानातल्या काजवालीला तिनं एक चाखायला दिली. काजवाली म्हणजे शेजारच्या मशीनवर काजं करणारी तिची जुनी मैत्रीण, तोंडाची फटकळ. तिनं एक तुकडा मोडला, चावला, आणि चावतच राहिली.

"अगं, हे खाणं आहे की इस्त्री केलेली कॉलर?"

"जड वाटते का, ते सांग."

"जड? फुंकर मारली तर उडेल ही! आणखी किती हलकी करणार आहेस?"

"ते म्हणतात जड आहे."

"मग वडीचं नको, त्यांच्या जिभेचं माप घे," काजवाली म्हणाली आणि पेलाभर पाणी प्यायली.

भिंगरीला ते लागलं, पण तिनं मनावर घेतलं नाही. तपासणी जवळ येत चालली होती. काट्यावर नवऱ्याचं वजन उतरत होतं, पण पँट काही सैल होईना. उलट पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं दिसे. रात्री तो अर्धंच जेवून ताट सारायचा. "भूकच नाही गं. भरल्यासारखं वाटतं." भिंगरीला वाटलं, वाटणारच! फायबरचं कामच ते. तिनं मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. सकाळी तो न्हाणीघरात खूप वेळ लावायला लागला, आणि ती बाहेरून दार वाजवून म्हणायची, "अहो, उशीर होतोय." आतून उत्तर यायचं नाही. एवढ्या साऱ्या खुणा समोर होत्या. थांबून पाहिलं असतं तर दिसल्या असत्या, पण थांबून पाहणं हे एकच काम तिला येत नव्हतं.

दुकानात दुपारची गर्दी होती तेव्हा फोन आला. सिग्नलवाल्याचा.

"वहिनी, दादांच्या पोटात फार दुखतंय. वॉकीटॉकीवर नीट बोलताही येत नाहीये. खाली यायला निघालेत. तुम्ही या."

भिंगरी निघाली ती गळ्यात टेप आणि हातात खडू घेऊनच. गिऱ्हाईक एका बाहीनिशी आरशासमोर उभंच राहिलं. साइटवर पोहोचली तेव्हा तिथं चमत्कारिक शांतता होती. क्रेनचा लांब हात आभाळात तसाच थांबला होता, हुकाला काही नव्हतं, आणि माणसं हातातलं काम टाकून माना वर करून उभी होती. तिनंही मान वर केली. जाळीच्या शिडीत खूप वर एक निळा शर्ट दिसला. एक पायरी उतरायचा, थांबायचा. आणखी एक उतरायचा, वाकून गजाला कपाळ टेकायचा. पुन्हा थांबायचा.

"अहो, कोणीतरी वर जा ना! धरा त्यांना!" ती ओरडली.

"एक जण गेलाय, वहिनी. त्यांच्या खालीच आहे. दोरी बांधली आहे. पण उतरायचं त्यांनाच लागणार. घाई नाही करता येत."

घाई नाही करता येत. भिंगरीच्या आयुष्यात हे वाक्य असं कोणी तोंडावर मारलं नव्हतं. तिला करायला काही नव्हतं. पुसायला ओटा नव्हता, उसवायला शिवण नव्हती. हातात खडू होता तो तिनं चुरला, मग टेपचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, गुंडाळलं. चार पावलं गेटकडे गेली, चार परत आली. जीव असा टांगणीला लागलेला आणि वर तो पायरी-पायरीनं येत होता. तिला भीती वाटली, साधी, उघडी भीती, की याचा हात सुटून हा पडला तर शेवटचं आपण त्याला काय म्हणालो होतो? 'अहो, उशीर होतोय.'

"एवढा वेळ लागतो उतरायला?" तिनं विचारलं.

"बरे असले तरी वेळ लागतोच. म्हणून तर दादा दिवसात एकदाही उतरत नाहीत. ते उतरले की सगळी साइट उभी राहते ना. बाकीचे क्रेनवाले वर बाटली ठेवतात, लघवीला. दादांना ते आवडत नाही. म्हणतात, बसायची जागा आहे ती. त्यापेक्षा ते पाणीच पीत नाहीत."

भिंगरीची बोटं थांबली.

"पाणी पीत नाहीत म्हणजे? बाटली रोज रिकामी येते."

सिग्नलवाल्यानं जीभ चावली. नको तिथं तोंड उघडलं हे त्याच्या लक्षात आलं होतं. पण भिंगरीनं डोळे असे रोखले की त्याला सांगावंच लागलं. "ते गेटपाशी झाड आहे बघा. दादा जाताना त्याला घालतात. तुम्ही बाटली बघता म्हणून."

गेटजवळ सिमेंटच्या धुळीत एक झाड उभं होतं. आसपास गवताची काडी नव्हती आणि ते मात्र बेफाम फोफावलं होतं. भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि दुसऱ्याच क्षणी वाटीत पाच मिनिटांत झालेला तो गोळा तिला आठवला.

नवरा शेवटची पायरी उतरला तो तिच्या अंगावरच आला. घामानं भिजलेला, चेहरा राखेसारखा. म्हणाला काय तर, "तू कशाला आलीस? दुकान?"

हॉस्पिटलात एक्स-रे काढला, नाकातून नळी घातली, सलाइन लावलं. डॉक्टरबाई तरुण होत्या आणि सरळ बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, काय खाता? भिंगरीनं सगळं सांगितलं, ओट्स, कोंडा, जवस, इसबगोल, वाळवलेलं. काही लपवलं नाही. डॉक्टरबाईंनी नवऱ्याला विचारलं, पाणी किती पिता? त्यानं आधी बायकोकडे पाहिलं. मग म्हणाला, "दोन घोट. कधी तेही नाही."

"हे सगळं पाणी ओढून फुगतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पाणी मिळालं तर पोट साफ करतं. नाही मिळालं तर आतड्यात सिमेंट होतं. वडी वाईट नव्हती हो. पण दिवसभर कोरड्या राहणाऱ्या माणसासाठी ती नव्हे." ऑपरेशनशिवाय सुटेल असं वाटतंय, पण आज लक्ष ठेवावं लागेल, असं सांगून त्या गेल्या.

तो दिवस भिंगरीनं कॉरिडॉर तुडवून काढला. लेक आली, रडली, इसबगोल मीच आणलं म्हणाली. भिंगरीनं तिला जवळ घेतलं, लगेच सोडलं, आणि कागद आणायला खाली गेली. कागद कोणी मागितलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी आतडं मोकळं झालं. नळी निघाली, पोट मऊ पडलं, नवऱ्यानं पाणी मागितलं आणि पेलाभर प्यायला. भिंगरीला हायसं वाटलं, आणि हायसं वाटताच काल गिळलेला राग वर आला. ती खाटेजवळच्या स्टुलावर टेकली.

"झाडाला पाणी घालत होतात."

"चुकलं माझं."

"मला फसवायला."

"तुला काळजी नको म्हणून." तो थांबला. "फसवायलाच. हो."

"बरं. पाण्याचं समजलं. पण वडी? ती कागदासारखी झाली होती. काजवाली म्हणाली कॉलर आहे. मी वाळवत गेले, इसबगोल टाकत गेले, कशासाठी? तुम्ही रोज जड म्हणत होतात म्हणून. खरं सांगा, तुम्हाला ती जड लागत होती?"

नवऱ्यानं सलाइनच्या थेंबांकडे पाहिलं.

"नाही."

"कधीपासून नाही?"

"सफरचंद घातलंस ना, तेव्हाच मस्त झाली होती."

सफरचंद म्हणजे अगदी सुरुवात. त्यानंतरच्या सगळ्या वड्या, सगळं वाळवणं, ती झोपेतली भाजणी, डोक्यातला भुंगा, ही नळी, ते सलाइन.

"मग सांगायचं ना, झाली म्हणून! तोंड शिवलं होतं का?"

"झाली म्हटलं असतं तर तू उठली असतीस."

तिला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "उठले असते म्हणजे? कुठून?" आणि बोलता बोलता तिला ते टेबल दिसलं, समोर ओढलेली खुर्ची, आणि तिच्यात कोपरं टेकून बसलेली ती स्वतः. झग्याची गोष्ट सांगत. नवरा हसत. वडी तोंडात घोळवत, संपू न देता.

तिच्या डोळ्यांत घळकन पाणी आलं. रागाचं की कशाचं ते तिचं तिला सांगता आलं नसतं. "अहो, एवढंच हवं होतं तर म्हणायचं, बस म्हणून. त्यासाठी आतडं गोठवून घेतलंत?"

"नुसतं बस म्हटलं असतं तर बसली असतीस?"

'हो' म्हणायला तिनं तोंड उघडलं. या माणसाला आज खोटं सांगून बरं वाटलं असतं तर तिनं सांगितलंही असतं. पण खुर्चीला उद्देशून म्हटलेली ती सगळी 'अगं' तिला एकदम ऐकू आली.

"नसते," ती म्हणाली. उत्तर इतकं चटकन आलं की तिची तिलाच शरम वाटली.

त्यानं दोष दिला असता तर भांडता आलं असतं. बाहेर कोणाची तरी ट्रॉली खडखडत गेली. भिंगरीचा उजवा गुडघा आपोआप हलायला लागला होता. तिनं त्यावर हात दाबला.

डॉक्टरबाई फेरीला आल्या. साखर उतरली होती, वजनही, तपासणीत अडकणार नाही म्हणाल्या. नवऱ्याचा चेहरा उजळला. "पण," त्यांनी बोट उचललं, "वर चढायचं तर दिवसभर पाणी प्यायचं, आणि मधे एकदा तरी खाली उतरायचं. लिहून देते मी. हे जमणार नसेल तर गोदामच बरं." त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

नवऱ्याचा चेहरा पुन्हा पडला. "कसं जमायचं? उतरायचं, पुन्हा चढायचं, किती वेळ जातो. खाली लोखंडवाले उभे, काँक्रीटवाले उभे. माझ्या एकट्यापायी सगळं काम थांबतं."

"थांबू दे की," भिंगरी म्हणाली.

"अगं, सगळी साइट..."

"राहू दे उभी. रोज थोडा वेळ काम थांबलं म्हणून काय आभाळ कोसळणार आहे? माणूस मोठा की काम? जरा थांबायला शिका."

नवऱ्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग तो हसायला लागला, आणि पोट दुखलं म्हणून पोट धरून हसला.

"हे कोण सांगतंय?"

भिंगरीला उत्तर सुचलं नाही. सुचेपर्यंत स्टुलावरून उठायचं नाही असं तिनं ठरवलं.